वाचकांचे प्रश्न : हेरन्सचा संघ आणि फेरी स्ट्रीटचे मैदान

‘हेरन्स’ ही क्रमशः कथा गेल्या अंकात संपली आणि त्यानंतर आलेल्या पत्रांचा गठ्ठा पाहून संपादकांनी या वेळचे प्रश्नोत्तरांचे सदर माझ्याकडे सोपवले. ज्यांनी कथा वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. अमेरिकेच्या ओहायो राज्यात, ओहायो नदीच्या उत्तर काठावर, कॉब्ज लँडिंग नावाचे एक छोटे गाव आहे असे मी मानले. त्या गावाचा ‘हेरन्स’ नावाचा बेसबॉल संघ आणि ‘फेरी स्ट्रीट पार्क’ हे त्याचे मैदान हेही तितकेच मनातले. कथा १९३६ च्या उन्हाळ्यात सुरू होते आणि पुढल्या जानेवारीतल्या महापुरात थांबते. गाव नकाशावर सापडत नाही अशी तक्रार ज्यांनी केली आहे, त्यांची क्षमा मागतो. बहुतेक पत्रे खेळाडूंविषयी नसून मैदानाविषयी आहेत आणि याचे मला नवल वाटले नाही, कारण लिहितानाही मी आधी मैदान आखले आणि मग त्यातून संघ उभा राहिला.

प्रश्न : संघच काल्पनिक, तर मैदानाची मापे इतकी काटेकोर देण्याची गरज काय होती? लेफ्ट फील्डची, म्हणजे फलंदाजाच्या डावीकडची, भिंत होम प्लेटपासून (फलंदाज उभा राहतो त्या जागेपासून) २९८ फुटांवर आणि ३० फूट उंच, सेंटर फील्ड ४३० फूट, राइट फील्ड ३६५ फूट, हे वाचताना आपण कथा वाचतो आहोत की जमिनीचा सातबारा, असा प्रश्न पडला.

सातबाऱ्याची उपमा मला मान्य आहे, आणि बेसबॉलच्या बाबतीत तर ती अधिकच लागू पडते. या खेळाचे मैदान म्हणजे एकात एक बसवलेली दोन मैदाने असतात. आतले मैदान, ज्याला इनफिल्ड म्हणतात, इंचाइंचाने ठरलेले आहे. धावपटूने गाठायच्या चार ठाण्यांपैकी, म्हणजे बेसपैकी, एकापासून दुसऱ्यापर्यंत ९० फूट, म्हणजे साधारण २७.४ मीटर, पिचर जिथून चेंडू टाकतो ती पट्टी होम प्लेटपासून ६० फूट ६ इंचांवर, आणि हे अंतर १८९३ पासून बदललेले नाही, होम प्लेटची रुंदी १७ इंच. यात कोणत्याही यजमानाला काडीचाही फरक करता येत नाही. बाहेरच्या मैदानाची, म्हणजे आउटफिल्डची, गोष्ट अगदी वेगळी आहे. तिथे कुंपण कुठे घालायचे आणि ते किती उंच असावे, हे जागेने, रस्त्याने, शेजाऱ्याच्या घराने आणि मालकाच्या खिशाने ठरत आले. १ जून १९५८ नंतर बांधल्या जाणाऱ्या व्यावसायिक मैदानांसाठी दोन्ही बाजूंच्या हद्दीच्या, म्हणजे फाउल, रेषांवर किमान ३२५ फूट आणि सेंटर फील्डमध्ये किमान ४०० फूट अशी अट नियमात आली, पण आधीच उभी असलेली मैदाने तिच्यातून सुटली. आमचे फेरी स्ट्रीट पार्क तर त्याच्या कितीतरी आधीचे.

क्रिकेटची सीमारेषाही सगळीकडे सारखी नसते, हे खरे. परंतु क्रिकेटमध्ये फलंदाज चारी दिशांना फटके मारतो, त्यामुळे एका बाजूला सीमा जवळ असली तरी तिचा परिणाम विखुरला जातो. बेसबॉलमध्ये खेळ केवळ ९० अंशांच्या कोनात चालतो. त्या कोनाबाहेर गेलेला चेंडू फाउल ठरतो. एवढ्या अरुंद पंख्यात एक भिंत शंभर फूट पुढे किंवा मागे सरकली की त्या मैदानावरचा सारा खेळच बदलतो.

याचे मला माहीत असलेले सर्वांत बोलके उदाहरण न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सचे आहे. घोड्याच्या नालासारख्या आकाराच्या त्या मैदानात राइट फील्डची फाउल रेषा अवघी २५८ फुटांची होती, लेफ्ट फील्डची २७९ फुटांची, आणि सेंटर फील्ड मात्र ४८३ फुटांपर्यंत आत गेलेले होते. २९ सप्टेंबर १९५४ रोजी तिथे न्यूयॉर्क जायंट्स आणि क्लीव्हलँड यांच्यात वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे हंगामाअखेरच्या विजेतेपदाच्या मालिकेचा, पहिला सामना झाला. नऊ डावांच्या या खेळात आठव्या डावात धावसंख्या २-२ अशी बरोबरीत असताना आणि दोन धावपटू बेसवर असताना क्लीव्हलँडच्या व्हिक वर्ट्झने सेंटर फील्डच्या दिशेने ४०० फुटांहून लांब असा चेंडू मारला. दुसऱ्या कुठल्याही मैदानावर तो बहुधा भिंतीपलीकडे गेला असता. इथे भिंतच इतकी दूर होती की जायंट्सचा विली मेज पाठ फिरवून धावत राहिला आणि खांद्यावरून येणारा चेंडू त्याने दोन्ही हातांनी झेलला. फलंदाज बाद. बरोबरीमुळे लांबलेल्या त्याच सामन्याच्या दहाव्या डावात जायंट्सचा बदली फलंदाज डस्टी ऱ्होड्स याने राइट फील्डच्या कोपऱ्यात जेमतेम २६० फुटांचा उंच फटका मारला आणि तो होमरन झाला, म्हणजे थेट कुंपणापलीकडे गेला. तीन धावा झाल्या, जायंट्सने सामना ५-२ असा जिंकला आणि पुढे मालिकाही सलग चार सामन्यांत खिशात घातली. एकाच दिवशी, एकाच मैदानावर, ४०० फुटांवरचा चेंडू म्हणजे झेल आणि २६० फुटांवरचा चेंडू म्हणजे विजय.

हे डोक्यात ठेवून मी हेरन्सचा संघ निवडला. लेफ्ट फील्डची भिंत जवळ असल्यामुळे उजव्या हाताने खेळणारे, चेंडू डावीकडे ओढून उंच मारणारे फलंदाज मला हवे होते. उजवीकडे नदीपर्यंत जागाच जागा असल्यामुळे राइट फील्डला हरणासारखा धावणारा आणि तिथून तिसऱ्या बेसपर्यंत चेंडू थेट फेकणारा माणूस हवा होता. संघाचा तो कृश, अबोल राइट फील्डर तुमच्यापैकी पुष्कळांना आवडला. त्याला जन्म देणारी गोष्ट म्हणजे ३६५ हा आकडा.

प्रश्न : भिंत ३० फूट उंच ठेवण्याचे कारण कथेत ‘पलीकडून रेल्वेमार्ग जातो’ एवढेच दिले आहे. हे पटण्यासारखे आहे का?

पटण्यासारखे आहे, कारण अमेरिकेतली जुनी मैदाने शहराच्या मधोमध, आधीच आखलेल्या रस्त्यांच्या चौकटीत बसवावी लागत. बॉस्टनचे फेनवे पार्क १९१२ मध्ये उघडले आणि आजही वापरात आहे. त्याच्या लेफ्ट फील्डच्या पाठीमागे लगेच लॅन्सडाउन स्ट्रीट आहे. मैदान त्या बाजूला वाढवायला जागाच नव्हती. म्हणून भिंत जवळ आली, आणि जवळ आली म्हणून उंच झाली. आज दिसणारी ३७ फूट २ इंचांची भिंत १९३४ च्या नूतनीकरणातली; तिच्यावर पूर्वी जाहिराती असत, १९४७ मध्ये ती हिरवी रंगवली गेली आणि पुढे ‘ग्रीन मॉन्स्टर’ या नावाने प्रसिद्ध झाली.

अशा भिंतीचा परिणाम दुहेरी असतो, आणि कथेतल्या पाचव्या सामन्याचा सगळा पेच त्यावरच उभा आहे. उंच मारलेला साधासा चेंडू, जो एरवी सहज झेलला गेला असता, भिंतीवरून पलीकडे जातो. उलट, जोरकस पण सपाट फटका, जो दुसरीकडे नक्की होमरन झाला असता, भिंतीवर आदळून परत येतो आणि फलंदाजाला दुसऱ्या बेसवर समाधान मानावे लागते. भिंतीवरून परतणारा चेंडू कुठल्या कोनातून येईल हे ओळखणे ही लेफ्ट फील्डरची निराळी विद्याच आहे. फेनवेमध्ये कार्ल यास्त्रेम्स्कीने ती वर्षानुवर्षे घोटली. भिंतीवर टांगलेली शिडी हा प्रकारही मी तिथूनच उचलला आहे. वरच्या जाळीत अडकलेले चेंडू काढण्यासाठी फेनवेत ती लावली होती. ती जाळी गेली आणि २००३ मध्ये भिंतीवर खुर्च्या आल्या, तरी शिडी अजून जागच्या जागी आहे आणि चेंडू तिला लागला तरी खेळ चालूच राहतो.

फेनवेच्या भिंतीतला धावफलक हाताने बदलला जातो. त्याच्यावरच्या उभ्या पांढऱ्या पट्ट्यांवर मोर्स लिपीतल्या ठिपक्यांनी आणि रेघांनी दोन नावांची आद्याक्षरे लिहिलेली आहेत, ती संघाचे मालक टॉम यॉकी आणि त्यांची पत्नी जीन यांची. फेरी स्ट्रीटच्या धावफलकावर तार-कारकुनाने आपल्या प्रेयसीसाठी केलेली खूण हा ‘निव्वळ सिनेमा’ आहे, असे एका पत्रात म्हटले आहे. त्या वाचकांनी आता थोडे नरमावे.

प्रश्न : चौथ्या भागात हेरन्सच्या लेफ्ट फील्डरच्या डोळ्यांत मावळता सूर्य येतो आणि झेल सुटतो. तुम्हीच दिलेल्या नकाशाप्रमाणे नदी दक्षिणेला आणि रेल्वे उत्तरेला आहे. मग हा सूर्य कुठून आला?

चूक माझी आहे आणि ती पकडणाऱ्या वाचकांनी पत्रासोबत पेन्सिलीने काढलेली आकृतीही इतकी नेमकी आहे की वाद घालायला जागा नाही.

बेसबॉलच्या नियमपुस्तकात मैदानाच्या दिशेविषयी एक शिफारस आहे. होम प्लेटपासून पिचरच्या पट्टीवरून दुसऱ्या बेसकडे जाणारी रेषा पूर्व-ईशान्येकडे असावी, म्हणजे दुपारनंतर सूर्य फलंदाजाच्या पाठीशी राहतो आणि ताशी नव्वद मैलांनी येणारा चेंडू त्याला नीट दिसतो. ही शिफारस आहे, सक्ती नव्हे. परंतु मी फेरी स्ट्रीट पार्क तिच्याच आधारे आखले. पश्चिमेला फेरी स्ट्रीट आणि त्याला लागून होम प्लेट, उत्तरेला रेल्वे, आग्नेयेला नदी. आता या मांडणीत राइट फील्डर जवळजवळ थेट पश्चिमेकडे तोंड करून उभा असतो, तर लेफ्ट फील्डरचे तोंड नैऋत्येकडे असते. जून महिन्यात ओहायोमध्ये सूर्य पश्चिमेच्याही बराच उत्तरेला मावळतो. तेव्हा डोळे दिपायला हवे होते ते राइट फील्डरचे. लेफ्ट फील्डरला फार तर उजव्या गालावर ऊन लागले असते.

ज्या क्षेत्रातल्या खेळाडूला सूर्याशी झुंजावे लागते त्या क्षेत्राला बेसबॉलमध्ये ‘सन फील्ड’ म्हणतात आणि ही बाब मोठमोठ्या खेळाडूंनीही हलकी मानलेली नाही. न्यूयॉर्क यांकीजच्या यांकी स्टेडियममध्ये सन फील्ड होते लेफ्ट फील्ड, म्हणून बेब रूथ तिथे राइट फील्डला उभा राहत असे; बाहेरगावच्या ज्या मैदानांत राइट फील्डला सूर्य येई, तिथे तो लेफ्ट फील्डला जाई आणि संघातला सोबती बॉब म्यूझेल त्याची जागा घेई. फलंदाजाने आपले डोळे जपावेत, हा त्यामागचा सरळ हिशेब.

कथा पुस्तकरूपाने आलीच, तर तो झेल राइट फील्डरच्या हातून सोडवीन. मात्र मग तो अबोल माणूस त्या रात्री डगआउटमध्ये एकटा बसून राहील आणि पुढचे दीड प्रकरण नव्याने लिहावे लागेल, हेही पत्रलेखकांनी ध्यानात घ्यावे. (‘डगआउट’ म्हणजे खेळाडूंची बसण्याची, जमिनीत थोडी खोल घेतलेली जागा.)

प्रश्न : म्हातारा ग्राउंड्समन पाहुण्यांच्या वेगवान धावपटूंना रोखण्यासाठी पहाटे पहिल्या बेसजवळची माती भिजवतो. ही फसवणूक नाही का? आणि पंच ती चालू देतील का?

फसवणूक म्हणा किंवा यजमानाचा हक्क म्हणा. बेसबॉलमध्ये या दोहोंच्या मधली रेषा नेहमीच पुसट राहिली आहे. पाहुण्यांना चहा द्यावा, पण साखर आपल्या हाताने घालावी, तसा हा प्रकार.

खरा प्रसंग १९६२ चा आहे. लॉस एंजेलिस डॉजर्सचा मॉरी विल्स त्या हंगामात बेस चोरण्यात कोणालाच आवरत नव्हता. वर्षअखेर त्याच्या नावावर १०४ चोरलेले बेस जमा झाले. ‘बेस चोरणे’ म्हणजे पिचर चेंडू टाकत असताना धावपटूने पुढच्या बेसकडे धूम ठोकणे, आणि त्यासाठी पहिल्या बेसजवळ पायाखाली घट्ट जमीन लागते. ऑगस्टमध्ये डॉजर्स सॅन फ्रान्सिस्कोच्या कँडलस्टिक पार्कमध्ये आले तेव्हा, तोवर न्यूयॉर्कहून तिथे हललेल्या जायंट्सचा ग्राउंड्समन मॅटी श्वाब याने नेमकी तीच जागा भुसभुशीत करून पाण्याने भिजवून ठेवली होती. पंचांच्या लक्षात आले, त्यांनी ती दुरुस्त करायला लावली. दुरुस्तीच्या नावाखाली झालेले काम काही फारसे वेगळे निघाले नाही. जायंट्सने ते तिन्ही सामने जिंकले. हंगामाच्या शेवटी दोन्ही संघ बरोबरीत राहिले आणि तीन सामन्यांच्या निर्णायक मालिकेत जायंट्सने बाजी मारली. पहाटेच्या त्या पाण्याने हंगामाचा निकाल फिरवला असे मी म्हणणार नाही. पण बरोबरी एका सामन्याने मोडते किंवा होते, एवढे खरे.

फिलाडेल्फियाच्या शाइब पार्कमध्ये याच्या उलट, स्वतःच्या खेळाडूच्या सोयीसाठी जमीन घडवली होती. रिची ॲशबर्न हा चेंडूला नुसती बॅट टेकवून तो तिसऱ्या बेसच्या रेषेलगत हळूच घरंगळू देण्यात पटाईत होता. चेंडू रेषेबाहेर जाऊन फाउल होऊ नये म्हणून त्या रेषेला आतल्या बाजूला हलका उतार दिला होता. लोक त्याला ‘ॲशबर्नचा बांध’ म्हणत. आणि क्लीव्हलँडचा मालक बिल व्हेक याने तर १९४७ मध्ये आउटफिल्डमध्ये हलवता येणारे कुंपणच बसवले. समोर कोण येणार ते पाहून ते पुढे-मागे होई. शेवटी हंगामाच्या मध्यात कुंपण हलवण्यास लीगने मनाई केली.

कथेतला ग्राउंड्समन लिहिताना मी एक गोष्ट जाणीवपूर्वक केली. तो कधीही मोजपट्टी वापरत नाही. उकिडवा बसतो, मूठभर माती उचलतो, दाबतो आणि सोडतो. मुठीचा आकार टिकला तर पाणी पुरे, ढेकूळ फुटले तर आणखी एक बादली. ज्याने आयुष्यभर एकाच जमिनीवर काम केले आहे त्याला आकड्यांची गरज उरत नाही. आकडे माझ्यासारख्या खुर्चीवर बसून मैदान बांधणाऱ्याला लागतात.

प्रश्न : सामन्याआधी पंच नव्याकोऱ्या चेंडूंना नदीचा चिखल चोळतो, हे वाचून हसू आले. कल्पनेला काही मर्यादा?

इथे कल्पना शून्य आहे. नवा चेंडू गुळगुळीत आणि चकचकीत असतो. पिचरला तो पकडता येत नाही आणि निसटलेला चेंडू फलंदाजाच्या डोक्यावर येऊ शकतो. म्हणून प्रत्येक चेंडूची चकाकी काढावी लागते. पूर्वी त्यासाठी मैदानातलीच माती आणि पाणी वापरत. १९३८ मध्ये फिलाडेल्फिया ॲथलेटिक्सचा प्रशिक्षक लीना ब्लॅकबर्न याला न्यू जर्सीत, डेलावेअर नदीच्या एका उपनदीच्या काठी, हवा तसा मऊ गाळ सापडला आणि मेजर लीगचे, म्हणजे सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेचे, चेंडू आजही त्याच चिखलाने चोळले जातात. कथा १९३६ ची असल्यामुळे मी आमच्या पंचाला ओहायोच्या काठचा चिखल दिला, इतकेच.

प्रश्न : ‘हेरन्स’ म्हणजे बगळे. एखाद्या संघाने असे पुळचट नाव का घ्यावे?

अमेरिकन संघांची नावे नेहमी वाघ-सिंहांचीच असतात असे नाही. ब्रुकलिनच्या संघाला डॉजर्स हे नाव पडले ते तिथल्या लोकांना रस्त्यावरच्या ट्रॉलीगाड्या चुकवत चालावे लागे म्हणून. ‘डॉज’ म्हणजे चुकवणे. पिट्सबर्गच्या संघाने दुसऱ्याचा खेळाडू पळवला असा बोभाटा झाला, विरोधकांनी त्यांना ‘पायरेट्स’, म्हणजे चाचे, म्हणून हिणवले आणि त्यांनी तीच शिवी मिरवायला घेतली. काल्पनिक संघाचे नाव खऱ्या संघाने घेतल्याचेही उदाहरण आहे. ‘द सिम्प्सन्स’ या व्यंगचित्र-मालिकेच्या २००१ मधल्या एका भागात स्प्रिंगफील्ड आयसोटोप्स हा मनातला संघ आल्बुकर्कला हलवण्याचा घाट घातला जातो. २००३ मध्ये आल्बुकर्कला खरोखरच नवा संघ आला तेव्हा त्याचे नाव आयसोटोप्स ठेवले गेले.

बगळा निवडण्याचे माझे कारण निराळे होते. पिचर चेंडू टाकण्याआधी एक पाय उचलतो आणि क्षणभर दुसऱ्या पायावर निश्चल उभा राहतो. पहिल्या बेसवरचा धावपटू त्या वेळी त्याच्याकडे डोळ्यांत तेल घालून पाहत असतो, कारण तो पाय होम प्लेटकडे पडणार की पिचर गर्रकन वळून पहिल्या बेसकडे चेंडू फेकणार, हे त्या क्षणी ठरत असते. एका पायावर उभे राहून ध्यान लावल्याचे सोंग करणाऱ्या आणि मासा जवळ येताच झडप घालणाऱ्या पक्ष्याला आपल्याकडे काय म्हणतात ते मी सांगायला नको. इंग्रजीत हेरन म्हटले की हा अर्थ ध्वनित होत नाही; मराठी वाचकाला मात्र तो फुकट मिळतो, मग मी तो का सोडावा?

प्रश्न : नाणेफेक कुठेच आलेली नाही. विसरलात का?

नाही. बेसबॉलमध्ये नाणेफेक नसते. प्रत्येक डावात पाहुणे आधी आणि यजमान नंतर फलंदाजी करतात. नियमाने हे १९५० पासून पक्के झाले, व्यवहारात त्याच्या बऱ्याच आधीपासून तसे चाले. नवव्या डावाच्या मध्यावर यजमान पुढे असतील तर त्यांना पुन्हा खेळावेच लागत नाही, म्हणून अंतिम प्रकरणात हेरन्स बॅट न उचलता जिंकतात. ‘शेवट अर्धवट छापला गेला आहे’ असे कळवणाऱ्यांना हेच उत्तर.

प्रश्न : १९३६ मध्ये छोट्या गावात रात्रीचे सामने? मोठ्या संघांकडे तरी दिवे होते का?

दिवे छोट्यांकडेच आधी आले, कारण कामगार दिवसा सामन्याला येऊ शकत नव्हते आणि मंदीच्या काळात तिकीट खपणे हाच जगण्याचा मार्ग होता. कनिष्ठ लीगमध्ये १९३० पासून रात्रीचे सामने सुरू झाले. मेजर लीगचा पहिला रात्रीचा सामना त्यानंतर पाच वर्षांनी, २४ मे १९३५ रोजी, सिनसिनाटीच्या क्रॉस्ली फील्डवर झाला आणि त्याचे दिवे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी व्हाइट हाउसमध्ये बसून कळ दाबून लावले.

प्रश्न : शेवटी नदी मैदानात शिरते आणि ग्राउंड्समन नाव वल्हवत कुंपणावरून आत जातो. हे दृश्य सुंदर आहे, पण अतिशयोक्त वाटले.

मला स्वतःला ते लिहिताना संकोच वाटत होता, पण ओहायो नदीने माझ्या आधीच ते लिहून ठेवले होते. जानेवारी १९३७ च्या महापुरात सिनसिनाटीजवळ नदीची पातळी ८० फुटांपर्यंत चढली आणि क्रॉस्ली फील्ड सुमारे २१ फूट पाण्याखाली गेले. होम प्लेट, माउंड (पिचरचा उंचवटा), डगआउट, सारे गडप. तिथला पिचर ली ग्रिसम नावेत बसून आउटफिल्डच्या भिंतीवरून मैदानात शिरला, आणि त्याचे छायाचित्रही निघाले.

फेरी स्ट्रीटची भिंत ३० फूट आहे, म्हणून मी नाव लेफ्ट फील्डकडून आणली नाही. ती नदीच्या बाजूने, राइट फील्डच्या आठ फुटी लाकडी कुंपणावरून येते. पाण्यावर फक्त भिंतीचा वरचा भाग, शिडीचे शेवटचे चार पाय आणि धावफलकाची वरची ओळ एवढेच दिसते. म्हातारा वल्ही थांबवतो आणि खाली पाहतो. आपण आता दुसऱ्या बेसच्या नेमके वर आहोत हे त्याला शिडीच्या आणि धावफलकाच्या अंतरावरून कळते. या एका वाक्यासाठी मला सगळी मापे आधी हवी होती, हे पहिल्या प्रश्नाचे राहिलेले उत्तर समजावे.

प्रश्न : मी सातवीत आहे. फेरी स्ट्रीट पार्क आता पाहायला मिळेल का? पूर ओसरल्यावर त्याचे काय झाले?

मित्रा, ते कागदावरच बांधले होते, त्यामुळे पाहायला मिळणार नाही. पूर ओसरल्यावर काय झाले असेल ते मात्र खऱ्या मैदानांवरून सांगता येते. ब्रुकलिनचे एबेट्स फील्ड घे. १९५७ च्या हंगामानंतर डॉजर्स लॉस एंजेलिसला निघून गेले. १९६० मध्ये ते मैदान पाडायला घेतले तेव्हा भिंती फोडणाऱ्या लोखंडी गोळ्याला बेसबॉलसारखा पांढरा रंग देऊन त्यावर लाल शिवण काढली होती, आणि पुढे १९६४ मध्ये पोलो ग्राउंड्स पाडायलाही तोच गोळा वापरला. आज दोन्ही ठिकाणी उंच राहत्या इमारती आहेत.

पण पिट्सबर्गला गेलास तर वेगळे काही पाहायला मिळेल. तिथले फोर्ब्स फील्ड हे मैदान कधीच पाडून झाले आहे. त्याची होम प्लेट आता विद्यापीठाच्या एका इमारतीत जमिनीवर काचेखाली ठेवली आहे, आणि बाहेर आउटफिल्डच्या विटांच्या भिंतीचा एक तुकडा वेलींसह उभा आहे. १३ ऑक्टोबर १९६० रोजी या मैदानावर वर्ल्ड सिरीजच्या सातव्या सामन्यात, नवव्या डावात, बिल मॅझेरोस्कीने होमरन मारून पायरेट्सना विजेतेपद मिळवून दिले होते. दरवर्षी १३ ऑक्टोबरला लोक खुर्च्या घेऊन त्या भिंतीपाशी जमतात आणि त्या सामन्याचे मूळ रेडिओ-समालोचन पहिल्या चेंडूपासून ऐकतात. ध्वनिमुद्रण अशा बेताने सुरू करतात की मॅझेरोस्कीचा चेंडू भिंतीपलीकडे जातो तो बरोबर दुपारी ३ वाजून ३६ मिनिटांनी, म्हणजे त्या दिवशी गेला त्याच वेळी. निकाल सगळ्यांना ठाऊक असतो, तरी टाळ्या पडतात.